अठ्ठ्याऐंशीच्या खाली

वॉर्डात सगळे तिला काटकोन म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. चादरीचा कोपरा ती असा दुमडायची की गादीच्या पायथ्याशी पाकीट चिकटवल्यासारखी घडी दिसावी. दुसऱ्या कुणी अंथरलेली चादर तिला चालत नसे. तिला एकूणच फार काही चालत नसे. नातेवाइकांनी पलंगावर टेकलेलं नाही चालत, खिडकीत डबा ठेवलेला नाही चालत, बारा वर्षांखालचं मूल आत आणलेलं नाही चालत. एकतीस वर्षं हे दोन शब्द बोलून तिचा आवाज सपाट झाला होता. त्यात राग उरला नव्हता. दाराला कडी असते तसे ते शब्द होते.

निवृत्तीला चौदा महिने होते. डावा गुडघा दुपारी बारानंतर ठणकायला लागायचा, त्यामुळे किती वाजले हे तिला भिंतीवरच्या घड्याळाआधी कळायचं. पाळी सात ते दोनची. दोन वाजता ती पांढरे बूट काढून चपला घालायची, तेव्हा पावलांवर बुटाच्या शिवणीचे वळ उठलेले असत. रोज ती त्यांच्याकडे क्षणभर बघायची आणि मग घरी जायची.

तो आला मंगळवारी अकराच्या सुमाराला, स्वतःच्या पायांनी. तिला तेच आवडलं नाही.

विषाचे पेशंट तिने शेकड्यांनी पाहिले होते. किड्यांचं औषध पोटात गेलेले लोक उचलून आणावे लागतात. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पण त्यांना उतारा आहे. अॅट्रोपिनची सुई देत राहायची, छाती कोरडी होईपर्यंत, आणि आठवड्याभराने त्यातले बरेच जण डोकं विंचरून घरी जातात. तणाच्या औषधांचं निराळं. त्यातही प्रकार आहेत, काहींतून माणूस सलाइनवर तरून जातो. पण एक प्रकार असा आहे की तो प्यायलेला माणूस चालत येतो, बाकावर बसून आपला नंबर यायची वाट बघतो, आणि विचारलं तर म्हणतो, घसा जरा धरलाय.

"काय घेतलंत?" तिने विचारलं.

"घेतलं कुठं, सिस्टर? घेतात ती दारू. हे गेलं."

"काय गेलं?"

"तणाचं औषध. पिंपातून पंपात काढताना पाइप तोंडाने ओढतो आम्ही. एक घोट आला. थुंकला की लगेच."

"कधी?"

"काल सकाळी. नऊ वाजले असतील."

"आणि आज येताय?"

"काल काम होतं ना. परवा सामना आहे."

चाळिशीचा माणूस. शहराच्या मोठ्या क्रीडांगणावर तण मारायच्या कामाला होता. कोपरापर्यंत रापलेला, त्याच्या वर एकदम गोरा, जणू हात दुसऱ्याचे जोडले होते. कपाळावर टोपीची रेघ. सोबत आलेली बायको दप्तरं शिवायचं काम करायची, तिच्या ओढणीला दोन टाचण्या टोचलेल्या तशाच राहिल्या होत्या. तिने सांगितलं की काल दिवसभर उलट्या झाल्या, निळ्या-हिरव्या, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून ह्यांनी पोटाच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरांना म्हणाले, शिळं खाल्लं.

"आ करा."

त्याने आ केला. जीभ कडेकडेने सोलली होती, दुधावरची साय बोटाने ओढावी तशी.

तिने त्याला लघवीची बाटली दिली. वॉर्डच्या कपाटात, वरच्या खणात, पांढऱ्या पुडीच्या दोन बरण्या होत्या. वर्षातून सात-आठ वेळा त्या निघत. लघवीत आधी एक पूड टाकायची, मग दुसरी, आणि हलवायचं. ते विष नसेल तर काही होत नाही. असेल तर निळं होतं. थोडं असेल तर आभाळासारखं.

छोट्या डॉक्टर शेजारी उभ्या होत्या. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, हे पहिल्यांदाच बघत होत्या. सिस्टरने नळी हलवली. रंग आला. आला आणि थांबला नाही, गडद होत गेला, शाईच्या दौतीसारखा, आणि मग नळीच्या आरपार खिडकी दिसेना.

"अय्या," छोट्या डॉक्टर म्हणाल्या, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सिस्टरने नळी धुतली. थुंकणाऱ्याची लघवी एवढी निळी होत नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि कागदावर लिहिलं. पहिल्या चार-सहा तासांत आला असता तर रक्त गाळायचं यंत्र काही कामाचं होतं, आता सव्वीस तास झाले होते. तरी एकदा लावू. नळीतून कोळशाची पूड. सलाइन, किडनी धुतली जात राहील इतकं. स्टिरॉइडची इंजेक्शनं, ज्यांचा उपयोग होतो की नाही यावर डॉक्टरांचं आपापसात एकमत नव्हतं. तोंडाच्या जखमांना लावायला जेल. दुखण्यावर जे लागेल ते. उताऱ्याच्या रकान्यात काही लिहायचं नव्हतं, कारण या विषाला उतारा नाही.

शेवटची ओळ त्यांनी अधोरेखित केली आणि तोंडानेही सांगितली, कारण एकतीस वर्षांचे हात कुठे जातात ते त्यांना ठाऊक होतं.

"सिस्टर, ऑक्सिजन लावायचा नाही. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तरच. त्याआधी त्याने कितीही धाप लागल्याचं सांगितलं तरी नाही."

"माहीत आहे, सर."

"आणि अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला..."

"तेही माहीत आहे."

कारण ते विष छातीत जाऊन बसतं आणि हवेवर पोसतं. जितका ऑक्सिजन जास्त, तितकं जास्त जाळतं. फुप्फुसाचं हळूहळू चामडं होतं. आणि नळीचा ऑक्सिजन लागावा इतकं चामडं झालं, की त्यातून परत आलेला माणूस तिने तरी पाहिला नव्हता. तिने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. शहाण्णव.

त्या दिवशी ती चार वाजता घरी पोचली. नवरा पुढच्या अंगणात स्टुलावर बसून एक कुलूप खोलत होता. कुलूप-किल्ल्यांचं दुकान बंद केल्यालाही तीन वर्षं झाली, पण शेजारी अजून बिघडलेली कुलपं आणून देत. फरशांच्या फटींत गवत वाढलं होतं. ती हात धुवायला मोरीत गेली तर नळाखाली खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली दिसली. आत काहीतरी गडद.

"अहो, हे काय आहे?"

"गवताचं औषध. समोरच्याने दिलंय थोडं. उद्या मारतो म्हटलं फरशीत."

"खोकल्याच्या बाटलीत?"

"बाटली स्वच्छ धुतली होती गं."

ती बाटली हातात घेऊन उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. पण ओरडायला जी ताकद लागते ती दुपारी बारालाच संपली होती. तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली, पिशवीवर मोठ्या अक्षरात विष असं लिहिलं, आणि माळ्यावर ठेवली. सकाळी दवाखान्यात नेऊन टाकायची म्हणून.

"मग गवताचं काय करायचं?" नवरा म्हणाला.

"वाढू दे."

"वाढू दे! तुझ्या वॉर्डात चादर अर्धा इंच सरकली तर चालत नाही, आणि घरात रान माजू दे?"

ती हसली नाही, पण त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. बराच वेळ दोघं फटीतलं गवत बघत बसली. कुलूप उघडलं तेव्हा क्लिक असा आवाज आला आणि नवऱ्याला तेवढ्याने बरं वाटलं.

बुधवारी पंच्याण्णव. गुरुवारी पंच्याण्णव. लघवी कमी झाली, डायलिसिस लावावं लागलं, पण माणूस उशाला टेकून गप्पा मारत होता. क्रीडांगणावर त्याला वस्ताद म्हणायचे, कारण बाकीच्या तिघा फवारणीवाल्यांना पंप पाठीवर कसा बांधायचा, नोझल कशी साफ करायची, वाऱ्याकडे पाठ कशी ठेवायची, हे त्यानेच शिकवलं होतं. वॉर्डातही दोन दिवसांत सगळे वस्तादच म्हणू लागले. बोलताना त्याला त्रास व्हायचा, शब्द सोललेल्या जिभेवरून खरडत बाहेर यायचे, तरी तो बोलायचा.

"सिस्टर, गवताला दोन दिवस लागतात. उन्ह असलं तर एकच. आज माझा चौथा. म्हणजे मी गवतापेक्षा चिवट, की नाही?"

"तोंड उघडा. जेल लावायचंय."

"चहा द्या की थोडा. जेलवर ओता हवं तर."

"गरम नाही चालत. घसा भाजलाय."

"कोमट?"

"कोमटही नाही."

"नुसता वास?"

शेजारच्या पलंगावर दम्याचे आजोबा होते. तोंडावर कायम मास्क, आणि तो फक्त टोमणा मारायला बाजूला करायचे. त्यांनी मास्क उचलला. "अरे वस्ताद, या बाईकडे वास मागतोस? परवा मी शिंकलो तर म्हणाली, नाही चालत."

वस्ताद हसला आणि हसताना त्याला खोकला आला. सिस्टरने नेहमीसारखा भिंतीकडे हात नेला, जिथे ऑक्सिजनची पितळी कळ होती. हात कळीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग ती त्याच हाताने त्याची उशी नीट करू लागली. असं त्या आठवड्यात किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही. धापणारा माणूस दिसला की हात तिकडे जायचा. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती, बाकी सगळं नाही चालत पण हवा मात्र द्यायची, आणि आता तेवढं एकच देता येत नव्हतं.

बायको हे बघत होती. ती सकाळी आठला यायची आणि दोन तास पलंगाच्या बाजूला उभी असायची, कारण टेकलेलं चालत नव्हतं. वॉर्डात बारा पलंग. सात जणांना मास्क. तिच्या माणसाला नाही. शुक्रवारी तिने सिस्टरला औषधांच्या ट्रॉलीपाशी गाठलं.

"सिस्टर, आमची इथं कुणाची ओळख नाही. म्हणून का?"

"काय म्हणून?"

"ह्यांना हवा लावत नाही ते. काल आकडा पंच्याण्णव होता, आज त्र्याण्णव आहे. मी बघते की. शिकलेली नसले तरी आकडे कळतात मला. रोज मापं घेते मी."

"ओळखीचा प्रश्न नाही, बाई. डॉक्टरांनी तसं सांगितलंय."

"आणि आमच्या मुलीला एकदा तरी आत येऊ दे. दहा वर्षांची आहे. गुपचूप उभी राहील."

"बारा वर्षांखालचं नाही चालत."

सिस्टर पुढे गेली. पुढच्या पलंगावरची चादर बदलायला तिला पाच मिनिटं लागली असतील. मागे वळून बघते तर आजोबा झोपलेले, तोंड उघडं, मास्क नाही. मास्क वस्तादच्या तोंडावर होता, रबरी नळी दोन पलंगांच्या मध्ये ताणलेली, आणि बायको तो दोन्ही हातांनी दाबून धरत होती. वस्ताद मान हलवून नको म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती.

"काढा तो!"

अख्खा वॉर्ड दचकला. सिस्टरचा एवढा मोठा आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता. आजोबा जागे झाले, चेहरा चाचपला, आणि म्हणाले, "माझा वारा कुणी चोरला?"

मास्क परत आजोबांना लावून तिने बायकोला हाताला धरून वॉर्डच्या दारापाशी नेलं. तिने समजावून सांगितलं, जेवढं सोपं करता येईल तेवढं. की ते विष हवेवर जगतं. की नळीतून दिलेली जास्तीची हवा त्याला नाही, विषाला मिळते. की म्हणून कुणी ओळखीचं असतं, अगदी तिचा सख्खा भाऊ असता, तरी दिली नसती.

बायको सगळं ऐकत होती. तिची बोटं ओढणीतली टाचणी काढत होती आणि परत टोचत होती.

"म्हणजे हवा त्यांना वाईट?"

"जास्तीची."

"बरं," ती म्हणाली. "मला आधी सांगायचं ना हे."

ते खरंच होतं. कुणीच तिला सांगितलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की परिस्थिती गंभीर आहे, पण ते बारा पलंगांपैकी आठांच्या नातेवाइकांना तसंच सांगत.

शनिवारी सकाळी सिस्टर वॉर्डात शिरली तर आत भट्टी पेटल्यासारखं. वस्तादच्या पलंगाजवळची खिडकी गच्च बंद, तिच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या, नीट कापून, शिलाईच्या कामातल्या. वरचा पंखा बंद. तिकडचे चार पेशंट घामाने भिजलेले. आजोबांनी मास्क उचलून ठेवला होता आणि एकच तक्रार चालू होती.

"पोरीने आमची अंडी उबवायला घातलीत. पंखा लावू देत नाही. बटणापाशी पहारा आहे!"

बायको खरंच बटणापाशी उभी होती, आज पहाटेच आलेली.

"सिस्टर, हवा येत नाही आता. मी बघितलं, चिंधी हलत नाही."

सिस्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने जाऊन पंखा लावला, खिडकी उघडली, चिंध्या एकेक करून काढल्या आणि घडी घालून बायकोच्या हातात दिल्या.

"ही हवा चालते त्यांना. आपण सगळे घेतो ती. नळीची फक्त नाही."

"नक्की?"

"नक्की. पण खिडकी एवढीच. पूर्ण नाही उघडायची, धूळ येते."

वस्ताद पलंगावरून बघत होता. त्या दिवशी आकडा ब्याण्णव होता. बायको डबा घासायला बाहेर गेल्यावर त्याने सिस्टरला खुणेने जवळ बोलावलं. तिला वाटलं, दुखतंय. तिने सुईची वेळ बघितली.

"तुम्ही तिला हवेचं सांगितलं ते मी ऐकलं," तो म्हणाला. "मला नव्हतं माहीत."

"हं."

"म्हणजे हवा लावायची वेळ आली की समजायचं."

तिने त्याच्या उशीचा अभ्रा सरळ केला.

"मी थुंकलो नव्हतो, सिस्टर."

"माहीत आहे मला. पहिल्या दिवसापासून."

"कसं?"

"लघवी निळी आली. फार निळी."

पोटावरची चादर त्याच्या श्वासाबरोबर भरभर हलत होती. मग त्याने सांगितलं, थांबत थांबत, मध्ये दोनदा पाण्याने तोंड ओलं करून.

मागच्याच महिन्यात क्रीडांगणावर हातपंप आणला होता, पिंपातून औषध काढायला. तोंडाने ओढायचं बंद, असा कागद निघाला आणि चौघांच्या सह्या घेतल्या. पहिली सही त्याची, वस्ताद ना तो. पण तो हातपंप गळायचा आणि एक पंप भरायला पाऊण तास घ्यायचा. सामना तीन दिवसांवर आलेला. कडेच्या पायऱ्यांत तण माजलेलं. त्याने त्या सकाळी पाइप तोंडात धरला आणि ओढला, वीस वर्षं ओढत आला तसा. औषध नळीत चढलं की ते जिभेला लागायच्या आत पाइप खाली सोडायचा, हे त्याला झोपेतही जमलं असतं. आणि बरोबर तेव्हा मागून साहेबांचा आवाज आला. वर बघितलं तर साहेब, सोबत दोन पाहुणे, सुटाबुटात. दचकला आणि घोट तोंडात भरला.

"थुंकायचं ना मग!"

"कुठं? त्यांच्या बुटांवर? ते निळं असतं सिस्टर, आणि घाण वास मारतं. मुद्दामच घालतात तसं, कुणी पिऊ नये म्हणून. साहेबांना लगेच कळलं असतं. कागदावर सही माझी पहिली."

"मग धरून ठेवायचं तोंडात. ते जाईपर्यंत."

"धरलं होतं की. धरून उभा होतो. मान हलवली, हसलोसुद्धा असा, ओठ मिटून. पण साहेबांनी विचारलं ना."

"काय विचारलं?"

"म्हणाले, काय वस्ताद, गवत कधीपर्यंत मरेल? पाहुणे बघतायत. उत्तर द्यायला तोंड रिकामं नको?"

सिस्टरने डोळे मिटले.

"गिळलं," तो म्हणाला, "आणि म्हटलं, परवापर्यंत, साहेब."

थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "हिला सांगू नका. तिला वाटतंय, मी थुंकलो. एवढी तरी अक्कल होती म्हणून वाटू दे."

रविवारी सिस्टरची सुट्टी होती. ती अंगणात बसून फरशीच्या फटीतलं गवत हाताने उपटत होती. गुडघ्याखाली नवऱ्याने जुनी उशी सरकवली. एका फटीचं झालं की पुढची. मुळं अर्धी तुटायची, अर्धी आत राहायची. नवरा म्हणाला, हे परत येणार बघ. ती म्हणाली, येऊ दे. मग बोटांत माती घेऊन ती तशीच बसून राहिली आणि तिला वाटलं, आज कळीकडे हात न नेणारा माणूस वॉर्डात आहे की नाही. तिने फोन केला. दुसरी सिस्टर म्हणाली, एक्क्याण्णव. लावला नाही, काळजी करू नका.

सोमवारी नव्वद. मंगळवारी सकाळी नव्वद, डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी एकोणनव्वद. छातीच्या फोटोत दोन्ही बाजू पांढुरक्या झाल्या होत्या, धुकं उतरल्यासारख्या. वस्ताद आता बोलत नव्हता, कारण बोलायला जो श्वास लागतो तो त्याला घ्यायलाच पुरत नव्हता. आजोबांचे टोमणेही बंद झाले होते. ते मास्कआडून नुसते शेजारच्या पलंगाकडे बघत पडायचे, आणि त्यांच्या मास्कचा फसफस आवाज दोन पलंगांना पुरून उरायचा.

त्या दिवशी बायको घरी गेली नाही. पलंगाच्या बाजूला उभीच होती. सिस्टरच्या गुडघ्याने बारा वाजवले. मग एक. दीडच्या सुमाराला चिमट्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी झाला, परत एकोणनव्वद झाला, परत अठ्ठ्याऐंशी. ती दुसऱ्या बोटाला लावून बघायला लागली. बोट गार होतं, तिने चोळून ऊन केलं. चिमटा परत लावला. सत्त्याऐंशी. तिने तिसऱ्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी.

छोट्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि सिस्टरकडे न बघता म्हणाल्या, "सुरू करा. अगदी हळू. आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून मॉर्फिन."

नव्या मास्कचं पाकीट तिने फाडलं. प्लास्टिकचा वास आला. नळी कळीला जोडली. इतके दिवस जिथे येऊन हात थांबत होता ती कळ तिने फिरवली, आणि ती किती सहज फिरते याचं तिला आश्चर्य वाटलं. बारीक शीळ सुरू झाली.

"लावताय?" बायको पुढे आली. "हवा लावताय?"

"हो."

बायकोचा चेहरा उजळला. आठ दिवसांत पहिल्यांदाच. तिने नवऱ्याच्या पायावर हात ठेवला.

"अहो, ऐकलंत का? हवा चालते आता तुम्हाला. म्हणजे ते गेलं. हो ना? विष गेलं ना आतून?"

तिने विचारलं होतं सिस्टरला, पण वळली होती त्याच्याकडे. मास्क सिस्टरच्या हातात होता, त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. वस्तादने सिस्टरकडे बघितलं. मग बायकोकडे. त्याच्या घशाची गाठ वर गेली, खाली आली. गिळायलाही त्याला आता किती दुखतं ते सिस्टरला माहीत होतं.

"हो," तो म्हणाला. "गेलं."

तिने मास्क लावला. रबर कानांमागून नेऊन सारखं केलं. मग पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि चादरीचा कोपरा, जो सुटला नव्हता, परत एकदा दुमडला.

दोन वाजले. तिने पुढच्या सिस्टरला सगळं सांगून सोपवलं. बूट काढले, चपला घातल्या. पावलांवरचे वळ बघितले. पर्स घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली, कठड्याला धरून, गुडघ्याचं निमित्त करून. जिन्याने लोक वर येत होते, खाली जात होते, डबे, पिशव्या, छत्र्या. मग ती मागे फिरली.

बायको पलंगापाशी उभी होती. सिस्टरने भिंतीकडचं लोखंडी स्टूल ओढलं आणि पलंगाला लावलं.

"बसा."

"चालतं?"

"चालतं."

बायको टेकली, अर्धीच, कुणी उठवील या भीतीने. वस्तादचे डोळे मिटले होते, मॉर्फिनने श्वास जरा सैल झाला होता. सिस्टर बाजूला उभी राहिली. तिला वाटलं होतं की बोलता येईल. कोणत्या शब्दाने सुरू करायचं तेही तिने जिन्यावर ठरवलं होतं.

"सिस्टर," बायकोच आधी म्हणाली, "आता बरं वाटतंय तर खिडकी थोडी जास्त उघडू? ह्यांना बाहेरचं बघायला आवडतं."

"उघडा."

"पूर्ण?"

"पूर्ण उघडा."

बायको उठली, खिडकी उघडून आली, परत बसली. आता पूर्ण बसली.

"ते चहा चहा करत होते. उद्या वगैरे घोटभर..."

"आत्ता आणला तरी चालेल. कोमट करून, चमच्याने ओठांना लावा."

बायकोने तिच्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. हात ओढणीकडे गेला, पण टाचणी सापडली नाही.

"आणि मुलगी?" तिने विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता, जणू तिला या प्रश्नाचं उत्तर नको होतं, जणू नेहमीचे ते दोन शब्द ऐकायला मिळावेत एवढीच तिची इच्छा होती. "मुलीला आणलं तर... नाही ना चालत?"

खिडकीतून वारा आला आणि चादरीचा कोपरा हलला. सिस्टरने तो तसाच हलू दिला.

"आणा," ती म्हणाली. "शाळेतूनच आणा. मी बसते तोवर इथे."